प्रकाश, शेक आणि उजेड : कर्करोगावरील एका उपचाराच्या मराठी नावाची चिकित्सा

'चिकित्सा' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. वैद्य रोग्याची चिकित्सा करतो, समीक्षक ग्रंथाची. संस्कृतातील 'कित्' धातूपासून सिद्ध झालेल्या या इच्छादर्शक रूपाच्या दोन्ही अर्थांना वस्तू नीट पारखून घेण्याची वृत्ती समान आहे. वैद्यकातील एखादी संज्ञा तपासावयाची झाली म्हणजे हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. कारण तेथील भाषेचा दोष कोशाच्या पानावर पडून राहत नाही, तो रुग्णाच्या निर्णयात उतरतो. साहित्यातील शिथिल विशेषणाने फार तर वाचकाचा रसभंग होतो. रुग्णालयातील शिथिल विशेषणावर विसंबून मनुष्य आपले शरीर दुसऱ्याच्या हवाली करीत असतो.

अशा तपासणीस योग्य असे एक उदाहरण म्हणजे 'फोटोडायनॅमिक थेरपी' या नावाने ओळखला जाणारा उपचार होय. विशिष्ट रंगद्रव्य शरीरात सोडावयाचे, ते रोगाच्या गाठीत साठले म्हणजे तिच्यावर विशिष्ट रंगाचा प्रकाश टाकावयाचा आणि त्या संयोगातून रोगट पेशींचा नाश घडवावयाचा, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. जठराच्या कर्करोगावर तो कितपत चालतो, हा प्रश्न वैद्यकाचा आहे. परंतु त्याविषयी मराठीत ज्या रीतीने लिहिले व बोलले जाते तीवरून वाचकाला तो प्रश्न तरी नीट दिसतो काय, हा प्रश्न भाषेचा आहे. आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय तोच आहे.

हा विचार नाशिकच्या संदर्भात करण्यास कारण आहे. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिक येथे आहे, आणि आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी व परिचर्या या सर्व शाखांची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. वैद्यकाच्या अनेक परिभाषा अशा रीतीने एका छत्राखाली आल्या; तथापि आधुनिक वैद्यकाचे अध्यापन इंग्रजीतूनच चालते. याच नगरीत कुसुमाग्रजांचे दीर्घकाळ वास्तव्य होते व त्यांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, 'मराठी भाषा गौरव दिन' म्हणून पाळला जातो. त्याच जिल्ह्यात बागलाण-मालेगावकडील रुग्ण घरी अहिराणी बोलतो, तर सुरगाणा-पेठकडील रुग्ण कोकणा बोलतो. म्हणजे इंग्रजीतून प्रमाण मराठीत आणि प्रमाण मराठीतून घरच्या बोलीत असे दोन ओढे ओलांडून वैद्यकाचा शब्द रुग्णापर्यंत पोहोचतो. पहिल्याच ओढ्यात त्याचा पाय घसरला, तर दुसऱ्याच्या काठाशी जे पोहोचेल ते मूळ अर्थाचे केवळ वाहून आलेले लाकूड होय.

(१) मूळ संज्ञेचा इतिहास

एखाद्या परकीय संज्ञेला प्रतिशब्द देण्यापूर्वी ती कोणत्या गरजेतून जन्मली हे पाहणे इष्ट ठरते. १९०० साली म्युनिक येथे हेर्मान फॉन टापाइनर यांचे विद्यार्थी ऑस्कर राब यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पॅरामेशियम नावाच्या सूक्ष्म जीवांच्या पाण्यात ॲक्रिडीन हे रंगद्रव्य घातले असता, अंधारात त्या जीवांना अपाय होत नसे आणि उजेडात मात्र ते मरत असत. द्रव्य एकटे निरुपद्रवी, प्रकाशही एकटा निरुपद्रवी. दोहोंचा संयोग मात्र प्राणघातक, असा हा प्रकार होता. १९०३ साली टापाइनर व येसिओनेक यांनी इओसिन हे रंगद्रव्य व प्रकाश यांचा उपयोग त्वचेवरील अर्बुदांवर करून पाहिला. या क्रियेस प्राणवायू लागतो हेही लवकरच ध्यानात आले, आणि १९०४ च्या सुमारास टापाइनर यांनी तिला 'फोटोडायनॅमिक' हे नाव दिले. छायाचित्रणाच्या काचा रंगद्रव्यांच्या योगे प्रकाशग्राही करण्याची कृती त्या काळी परिचित होती. तिच्याहून ही जीवांवर घडणारी, प्राणवायूची अपेक्षा असणारी क्रिया निराळी आहे हे दाखविणे हा त्या नामकरणाचा हेतू होता. 'डायनॅमिक' या पदातील ग्रीक मूळाचा अर्थ बल किंवा सामर्थ्य असा आहे.

१९१२ साली फ्रीड्रिख मायर-बेट्स या जर्मन वैद्याने हिमॅटोपॉर्फिरिन हे द्रव्य स्वतःलाच टोचून घेतले. त्यानंतर उन्हाचा स्पर्श झालेले त्याचे अवयव कमालीचे सुजले आणि उन्हाची ही असह्यता पुढे काही महिने टिकली. या उपचाराच्या इतिहासात ही घटना सहसा एका वाक्यात सांगून पुढे जाण्याची रीत आहे. परंतु मराठी नावाच्या दृष्टीने तिचे महत्त्व फार आहे, आणि ते पुढे दिसून येईल.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बफेलो येथे टॉमस डोहर्टी यांच्या संशोधनाने या उपचारास आजचे रूप आले. त्यातून सिद्ध झालेल्या पॉर्फिमर सोडियम या औषधास १९९३ साली कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी, १९९४ साली जपानमध्ये फुप्फुस, अन्ननलिका, जठर व गर्भाशयमुख यांच्या आरंभीच्या कर्करोगांसाठी, आणि १९९५ साली अमेरिकेत अन्ननलिका अडविणाऱ्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. जठराचा उल्लेख या तिहींपैकी जपानच्या यादीतच येतो, हे लक्षात ठेवावे.

आता क्रियेचा क्रम पाहू. औषध शिरेतून दिले जाते. सुमारे दोन दिवसांनी, निरोगी पेशींतून त्याचा बराच निचरा होऊन गाठीत ते तुलनेने अधिक उरले म्हणजे, दुर्बिणीतून आत नेलेल्या बारीक तंतूने ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश तेथे टाकला जातो. औषधाचा रेणू प्रकाशाची ऊर्जा घेतो व शेजारच्या प्राणवायूस देतो. त्यातून प्राणवायूचे एक उग्र रूप निर्माण होते. हे रूप क्षणाच्या अत्यल्प अंशातच विरते आणि तेवढ्या अवधीत एका पेशीच्या रुंदीइतकेही अंतर तोडीत नाही. म्हणून जेथे औषध, प्रकाश आणि प्राणवायू हे तिन्ही एकाच वेळी उपस्थित असतील, तेथेच नाश घडतो. तांबडा प्रकाश तरी शरीराच्या मांसल भागात किती खोल जाणार? उपचारास पुरेल इतक्या प्रमाणात तो काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर पोहोचतो. या उपचाराचा नेमकेपणा आणि त्याची मर्यादा ही अशा प्रकारे एकाच गुणाची दोन रूपे आहेत.

(२) प्रचलित प्रतिशब्दांची परीक्षा

'फोटोडायनॅमिक' या पदाला 'प्रकाशगतिक' असा प्रतिशब्द योजण्याकडे हिंदीच्या अनुकरणाने कल दिसतो. पदार्थविज्ञानात 'डायनॅमिक्स' म्हणजे 'गतिकी' हे समीकरण रूढ असल्याने कोशकाराचा हात साहजिकच तेथे जातो. परंतु येथे कशाचीच गती अभिप्रेत नाही. मराठी वाचकाला 'प्रकाशगती' म्हटले की प्रकाशाचा वेग आठवतो, आणि सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धावणाऱ्या त्या वेगाचा जठराशी काय संबंध, हे कोडे त्याला पडते. मूळ पदातील 'बल' हा अर्थ सोडून दुसऱ्या शास्त्रात रूढ झालेला 'गती' हा अर्थ उचलल्याचा हा परिणाम होय.

दुसरा पर्याय 'प्रकाशोपचार'. हा सुटसुटीत आहे आणि त्याचा दोष त्या सुटसुटीतपणातच आहे. नवजात बालकाला कावीळ झाली असता त्याला निळसर दिव्यांखाली ठेवतात, तोही प्रकाशोपचारच. तेथे बाहेरून कोणतेही औषध द्यावे लागत नाही. प्रकाश स्वतःच काम करतो. दोहोंना एकच नाव दिल्यास, प्रस्तुत उपचारातील औषधाचे अस्तित्वच नावातून पुसले जाते. मायर-बेट्सला जे भोगावे लागले ते औषधामुळे, हे ध्यानात घेतले म्हणजे या लोपाचे गांभीर्य कळते.

तिसरा पर्याय 'प्रकाश-सक्रियित उपचार' असा आहे. तो अधिक काळजीपूर्वक केलेला दिसतो, परंतु समासाचा विग्रह करून पाहताच त्यातील अडचण समोर येते. 'प्रकाशाने सक्रिय केलेला उपचार' असा विग्रह केला, तर प्रकाशाने उपचार सक्रिय होतो असे होईल. वस्तुतः सक्रिय होते ते औषध. विशेषण एका नामाचे आणि ते जोडले दुसऱ्याच नामाला, असा हा प्रकार आहे. मराठीत असे सैल समास चालून जातात हे खरे. तथापि शास्त्रीय संज्ञेत ज्याच्यावर क्रिया घडते तोच पदार्थ वगळला जावा, हे चालू देण्याजोगे नाही.

या तिन्ही शब्दांची खरी कसोटी मात्र कोशाबाहेर, रुग्णालयाच्या आवारात लागते. कर्करोगावरील किरणोपचाराला मराठी रुग्णांनी केव्हाच आपली नावे देऊन टाकली आहेत. कोणी 'शेक घेतो', तर कोणाला 'लाईट देतात'. 'शेक' हा घरगुती शब्द आहे. विटेचा शेक, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, बाळंतिणीची शेकशेगडी, अशा ऊबदार आठवणी त्याच्याभोवती आहेत. किरणोपचारात रुग्णाला अशी ऊब जाणवत नाही. परंतु यंत्राखाली निजावयाचे, अदृश्य असे काही अंगावर घ्यावयाचे आणि काही दिवसांनी त्या जागची कातडी काळवंडावयाची, या अनुभवाला लोकांनी जवळचा शब्द दिला. 'लाईट' या शब्दाची तऱ्हा आणखी निराळी. मराठीत 'लाईट गेली' म्हणजे वीज गेली. तेव्हा 'लाईट देणे' यात दिव्याइतकीच विजेची कल्पना मिसळलेली आहे.

आता खरोखरीचा प्रकाश वापरणारा उपचार आला, तर त्याचे नाव अगोदरच दुसऱ्याने बळकावलेले आहे. डॉक्टर म्हणणार, 'तुम्हांला प्रकाशाचा उपचार करू'. रुग्ण ऐकणार, 'लाईट देणार'. आणि शेजारच्या खाटेवरील मनुष्य त्याला पंचवीस दिवसांच्या शेकाचे वर्णन ऐकविणार. दोन उपचारांची तत्त्वे वेगळी, पथ्ये वेगळी आणि धोकेही वेगळे. एका नावाखाली त्यांची सरमिसळ झाल्यास पहिल्याचे पथ्य दुसऱ्याला लागू केले जाईल, ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही.

(३) पोट, जठर आणि 'आरंभीचा'

रोगाच्या नावातही अशीच एक गुंतागुंत आहे. 'पोटाचा कॅन्सर' हे लोकभाषेतील नाव जठर, आतडे, यकृत, स्वादुपिंड अशा अनेक अवयवांना एकाच पोत्यात भरते. 'जठर' हा शब्द संस्कृतात उदराचा वाचक असून शास्त्रीय मराठीत तो एका अवयवापुरता आखून घेतला गेला; लोकांना तो भेटतो 'जठराग्नी' या जोडशब्दातून, म्हणजे अवयवापेक्षा भूक व पचन यांच्या संबंधात. त्यामुळे 'जठराच्या कर्करोगावर प्रकाशाचा उपचार' हे शीर्षक वाचणारा सामान्य वाचक ते 'पोटातील कर्करोगावर' असे वाचतो आणि स्वादुपिंडाच्या रुग्णाचे नातेवाईकही ते कात्रण खिशात जपून ठेवतात.

याहून सूक्ष्म प्रश्न 'आरंभीचा' या विशेषणाचा आहे. जपानमधील पचनसंस्थेच्या अंतर्दर्शनतज्ज्ञांच्या संस्थेने १९६२ साली जठराच्या 'आरंभीच्या' कर्करोगाची व्याख्या ठरविली. जठराच्या भिंतीचे आतील अस्तर आणि त्याच्या लगतचा थर यांपलीकडे जो गेला नाही तो आरंभीचा, मग त्याचा प्रसार लसीका-ग्रंथींत झालेला असो वा नसो. म्हणजे येथील 'आरंभ' हा काळाचा नसून खोलीचा आहे. मराठीत 'आरंभीचा', 'सुरुवातीचा', 'पहिल्या पायरीचा' हे सर्व शब्द कालवाचक किंवा क्रमवाचक आहेत. 'मला त्रास सुरू होऊन पंधराच दिवस झाले, म्हणजे माझा रोग सुरुवातीचाच असणार', असा तर्क रुग्णाने केला तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही, विशेषणाचा आहे. जठराचा कर्करोग पुष्कळ काळ गुप्त राहतो. त्रास नवा असला तरी रोग खोल गेलेला असू शकतो.

'उथळ' किंवा 'वरवरचा' हे शब्द खोली दाखवितात, परंतु त्यांना मराठीत क्षुल्लकतेचा वास लागलेला आहे. कर्करोगाला 'वरवरचा' म्हटल्यास रुग्ण पुढच्या तपासणीला येणारच नाही. मराठीजवळ यासाठी एक उत्तम साधन पडून आहे. ते म्हणजे 'पुरता' हे मर्यादावाचक शब्दयोगी अव्यय. 'अस्तरापुरता कर्करोग' असे म्हटले की शिंप्याचे अस्तर ज्याला ठाऊक आहे त्याला रोगाची जागा कळते आणि 'पुरता' या शब्दाने त्याची कड कळते. अस्तराच्या लगतचा थर या शब्दात काटेकोरपणे बसत नाही हे मान्य केले, तरी कालवाचक विशेषणामुळे होणारा गैरसमज त्याने टळतो, हा लाभ मोठा आहे.

ही कड महत्त्वाची आहे, कारण उपचाराची कडही तीच आहे. काही मिलिमीटर जाणारा प्रकाश अस्तरापुरत्या रोगाला गाठू शकतो. भिंत ओलांडून ग्रंथींत व यकृतात गेलेल्या रोगाला तो गाठू शकत नाही. शिवाय जठर ही स्थिर आणि सपाट वस्तू नव्हे. ते हलते, त्याला वळ्या असतात, आणि प्रत्येक वळीच्या तळाशी सारखा प्रकाश पोहोचविणे दुर्घट असते. आणि ज्या जपानमध्ये या उपचाराला जठरासाठी मान्यता मिळाली, त्याच जपानमध्ये दुर्बिणीतून अस्तराचा रोगट भाग सोलून काढण्याची शस्त्रक्रिया विकसित झाली. ती केली असता काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो व रोग किती खोल गेला होता हे निश्चित कळते. प्रकाशाने जाळलेला भाग असा तपासावयास हाती राहत नाही. त्यामुळे अस्तरापुरत्या रोगावरही ती शस्त्रक्रिया पुढे सरली आणि प्रकाशाचा उपचार, ज्यांना ती झेपणार नाही अशा निवडक रुग्णांपुरता मागे राहिला. जठराच्या प्रगत रोगात शस्त्रक्रिया व रासायनिक औषधे यांचीच वाट आजही मुख्य आहे. नव्या संवेदक द्रव्यांवर, उदाहरणार्थ शर्करेचा रेणू जोडलेल्या क्लोरिन वर्गातील द्रव्यांवर, जठर-कर्करोगाच्या पेशी व उंदीर घेऊन प्रयोग झाले आहेत. त्यांतून उद्या काय निष्पन्न होईल ते होवो, ते प्रयोग अद्याप प्रयोगच आहेत.

(४) क्रियापदाची साक्ष

हा शेवटचा भेद दाखविण्याचे काम नामांपेक्षा क्रियापदांचे आहे, आणि लोकप्रिय वैद्यकीय लेखनाचा सर्वांत मोठा दोष तेथेच आढळतो. या लेखनाच्या धाटणीचा नमुना म्हणून पुढील वाक्य रचून पाहावे : 'प्रकाशाच्या साहाय्याने जठरातील कर्करोगाच्या पेशी नष्ट केल्या जातात व निरोगी पेशींना धक्का लागत नाही.' व्याकरणदृष्ट्या या वाक्यात चूक नाही. परंतु 'केल्या जातात' या इंग्रजी वळणाच्या कर्मणि रचनेने कर्ता नाहीसा झाला. कोण करतो, कोठे करतो, कोणावर करतो, यांपैकी काहीच कळत नाही. त्यात 'जातात', 'लागत नाही' हा रीतिवाचक वर्तमानकाळ. मराठीत हा काळ 'सूर्य पूर्वेस उगवतो' अशा नित्य सत्यासाठी वापरतात. काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींवर एकदा घडलेली गोष्ट या काळात सांगितली की तिला नित्य सत्याची प्रतिष्ठा प्राप्त होते.

वास्तविक मराठीचा क्रियापदविचार या बाबतीत संपन्न आहे. 'पेशी मेल्या' हे घडलेल्या प्रयोगाचे निवेदन. 'पेशी मरतात' हा नियम. 'पेशी मरू शकतात' ही शक्यता. 'पेशी मराव्यात' ही अपेक्षा. संशोधनाच्या पायऱ्याही नेमक्या याच आहेत. लेखकाने प्रत्येक विधानाला त्याच्या पुराव्याइतकाच काळ व अर्थ द्यावयाचा ठरविला, तर 'बशीतील पेशी मेल्या, उंदरांतील गाठी लहान झाल्या, जपानमध्ये निवडक रुग्णांचा अस्तरापुरता रोग बरा झाला' असे वाक्य तयार होईल. ते कमी आकर्षक आहे. परंतु त्यातील प्रत्येक क्रियापद साक्षीला उभे राहू शकते.

आकर्षणाचा उगम अर्थातच विषयातच आहे. प्रकाश हा भारतीय मनाला मंगल आहे. अंधारातून प्रकाशाकडे जाण्याची प्रार्थना, तिन्हीसांजेचा दिवा, ज्ञानाचा उजेड, आणि या सर्वांच्या पाठीशी 'आशेचा किरण' हा गुळगुळीत झालेला वाक्प्रचार. या उपचाराच्या बातमीचे शीर्षक जणू अगोदरच छापून ठेवलेले असते. चाकू आणि विष यांच्या तुलनेत प्रकाश सौम्य, शुद्ध, जवळजवळ सात्त्विक वाटतो. प्रत्यक्षात येथे प्रकाशाचे काम दाहक प्राणवायू निर्माण करण्याचे आहे. उपचारानंतर वेदना होतात, सूज येते, अन्ननलिकेत तर मार्ग आकुंचन पावल्याचीही उदाहरणे आहेत. रूपकाने वस्तूचे वर्णन करणे हा भाषेचा धर्म आहे. रूपकाने वस्तूची हमी देणे हा मात्र तिचा दुरुपयोग होय.

(५) बावचीचा दाखला

'हे सर्व आपल्याकडे पूर्वीच होते' असा एक सूर अशा प्रसंगी निघतो, व त्याचाही परामर्श घेणे अवश्य आहे. त्वचेवरील पांढऱ्या डागांवर, म्हणजे श्वित्रावर, बाकुची अथवा बावची देऊन रोग्यास उन्हात बसविण्याचा उपचार आयुर्वेदात आहे, हे खरे. बावचीत सोरालेन वर्गातील द्रव्ये असतात आणि ती प्रकाशाने कार्यप्रवृत्त होतात, हेही खरे. १९४८ च्या सुमारास कैरो येथील एल् मोफ्ती यांनी इजिप्तमधील एका वनस्पतीतून मिळविलेली याच वर्गातील द्रव्ये श्वित्रावर वापरली आणि त्यातून आधुनिक उपचाराची एक शाखा निघाली.

परंतु साम्य जेथे आहे तेथेच थांबावे. बावचीचा उपचार कातडीचा आहे. तो सूर्याच्या अतिनील किरणांवर चालतो, आणि सोरालेनची मुख्य क्रिया पेशीतील आनुवंशिक द्रव्याशी जोडले जाण्याची आहे, प्राणवायूला उग्र करण्याची नव्हे. त्यावरून जठराच्या अर्बुदावर प्राचीनांनी प्रकाश वापरला असे अनुमान काढणे म्हणजे पणतीवरून विजेच्या दिव्याचा शोध प्राचीनांकडे नेण्यासारखे आहे. या दाखल्यापासून घ्यावयाचा धडा वेगळा आहे आणि तो नामकरणाचा आहे. वैद्यांनी आधी द्रव्याचे नाव घेतले, मग 'आतपसेवन' सांगितले. औषध प्रथम, ऊन नंतर, हा कृतीचा क्रम त्यांनी भाषेतही राखला. आधुनिक मराठी प्रतिशब्दांत तोच क्रम हरवलेला आहे.

(६) आक्षेप व उपाय

यावर असा आक्षेप घेतला जाईल की इतका खटाटोप कशासाठी? 'फोटोडायनॅमिक थेरपी' हेच नाव देवनागरीत लिहावे. या मतात तथ्य आहे. उसना शब्द निदान कळल्याचे ढोंग तरी करीत नाही. शिवाय मराठीने 'सोनोग्राफी' पचविली आहे. परंतु सोनोग्राफीसाठी रुग्णाला निवड करावी लागत नाही. प्रस्तुत उपचाराला संमती द्यावी लागते. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चाचणीतील रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणे बंधनकारक आहे. न समजणारे नाव समजेल अशा लिपीत लिहिल्याने ही अट पुरी होत नाही.

१९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर भाषा संचालनालयाने आणि पुढे १९७६ पासून निघू लागलेल्या मराठी विश्वकोशाच्या खंडांनी परिभाषेचे मोठे कार्य केले. तिचा कल संस्कृताकडे राहिला. त्यावर क्लिष्टतेचा आरोप सरसकट करणे अन्यायाचे होईल. 'क्ष-किरण' हा शब्द पाहावा. राँटगेन यांनी १८९५ साली नवे किरण शोधले व त्यांचे स्वरूप अज्ञात म्हणून त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर दिले. मराठीने तेच अक्षर न उचलता मराठी बीजगणितातील अज्ञात राशी 'क्ष' घेतली. अक्षर बदलले, अर्थ अबाधित राहिला. संशोधकाचे अज्ञानसुद्धा प्रामाणिकपणे भाषांतरित झाले. दुसरीकडे लोकांनी केलेला 'दुर्बीण' हा शब्द पाहावा. दूरचे पाहण्याच्या नळीचे नाव त्यांनी पोटात घालावयाच्या नळीला दिले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते उलटे आहे. परंतु नळीतून पाहणे ही गोष्ट त्यात नेमकी आल्याने ते टिकले. कोशकार आणि लोक या दोघांचेही यशस्वी शब्द वस्तूचा एक खरा गुण पकडतात, हे यातून दिसते.

त्या न्यायाने प्रस्तुत उपचारासाठी दोन पातळ्यांवर दोन नावे सुचविता येतात. पाठ्यपुस्तकासाठी 'प्रकाशोद्दीपित औषधोपचार' : प्रकाशाने उद्दीपित झालेल्या औषधाने करावयाचा उपचार. यात विशेषण योग्य नामाला लागते आणि औषध नावात परत येते. प्राणवायू याही नावात येत नाही; परंतु तो शरीरातलाच असल्याने त्याची जागा स्पष्टीकरणात असली तरी चालेल. रुग्णाच्या खाटेपाशी 'औषध आणि उजेडाचा उपचार' : 'लाईट' आणि 'शेक' यांपासून तो वेगळा राहतो, आणि औषधाचा मान पहिला राहतो.

येथे 'उजेड' हा शब्द केवळ सोपा म्हणून सुचविलेला नाही. संस्कृत 'प्रकाश' जे एकत्र करतो ते मराठी वेगळे ठेवते. खोलीत उजेड असतो, अंगणात ऊन असते. 'उजेड आहे पण ऊन नाही' हे वाक्य मराठी माणसाला सहज कळते. पॉर्फिमर सोडियम दिलेल्या रुग्णाची कातडी व डोळे किमान तीस दिवस, काहींच्या बाबतीत तीन महिन्यांपर्यंत, प्रकाश सोसू शकत नाहीत. त्याला 'प्रकाश टाळा' असे सांगितले तर तो दारे-खिडक्या लावून अंधाऱ्या खोलीत बसेल, आणि ते चुकीचे होईल. कारण घरातील मंद, साध्या उजेडाने कातडीतील औषध हळूहळू निष्प्रभ होते, म्हणून तो हवाच असतो. टाळावयाचे ते ऊन, ढगाळ दिवशीही उघड्यावर जाणे, आणि तोंडासमोरचे प्रखर दिवे. उन्हासाठी लावावयाची मलमे येथे निरुपयोगी ठरतात, कारण ती अतिनील किरण अडवितात आणि हे औषध दृश्य प्रकाशाने जागे होते. 'ऊन टाळा, उजेडात राहा' या चार शब्दांत जे मावते, ते 'प्रकाश' या एका शब्दाने सांगता येत नाही.

निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागाइताला हे पथ्य म्हणजे काय, याचा विचार केला म्हणजे या शब्दभेदाचे मोल कळते. एप्रिलची खरड छाटणी किंवा ऑक्टोबरची गोडी छाटणी तोंडावर असताना महिना दोन महिने उन्हात पाऊल न टाकणे, हा त्याच्या दृष्टीने उपचाराचा सर्वांत महाग भाग असू शकतो. आणि उपचाराच्या नावात मात्र केवळ प्रकाशाचेच गुणगान आहे. त्याने संमती द्यावी की नाकारावी हे ठरविणे त्याचे काम आहे. पण ते ठरविण्यापूर्वी त्याला उपचाराची किंमत त्याच्या भाषेत कळली पाहिजे. संमतिपत्रावर पहिल्या ओळीत 'आधी औषध, मग दुर्बिणीतून उजेड, मग निदान महिनाभर सावली' एवढे लिहिले आणि दुसऱ्या ओळीत 'हा उपचार अस्तरापुरत्या रोगासाठी आहे' असे लिहिले, तर उरलेली पाने तो निराळ्या डोळ्यांनी वाचील.

मराठीला वैद्यकाची भाषा करावयाची म्हणजे प्रत्येक इंग्रजी पदासमोर एक संस्कृत पद मांडावयाचे, असा समज अद्याप पुरता गेलेला नाही. 'अस्तर', 'पुरता', 'उजेड', 'ऊन', 'सावली' हे शब्द कोणत्याही परिभाषा-समितीने घडविलेले नाहीत, आणि तरीही या उपचाराची मर्यादा सांगण्याचे काम ते अधिक काटेकोरपणे करतात. वैद्यकीय नावाने रुग्णाला आशा द्यावी की देऊ नये, याविषयी मतभेद संभवतो. त्याने रुग्णाला उपचाराची कड दाखविली पाहिजे, याविषयी तो संभवत नाही.